अँटी-स्पायवेअर काय करते आणि काय तुमच्यावर सोडते

काम करता करता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट वर सरकते आणि ‘संभाव्य अनावश्यक ॲप आढळले’ असे सांगते. चौकटीवर क्लिक केले की एक लांबलचक, अगम्य नाव दिसते, त्याखाली एखाद्या फाइलचा पत्ता असतो आणि मग पर्याय येतात: काढून टाका, क्वारंटाइन करा किंवा या संगणकावर परवानगी द्या. पुष्कळ लोक या क्षणी चौकट बंद करून पुन्हा कामाला लागतात. सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर बसवले आहे, तर निर्णयही त्यानेच घ्यावा, आपल्याला कशाला विचारायचे, असे त्यांना वाटते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एकदा समजले, की या सॉफ्टवेअरकडून काय मागावे आणि काय मागू नये याचा बराचसा उलगडा होतो.

व्हायरस कोणीही मागवलेला नसतो, त्यामुळे तो सापडला की पुसून टाकण्यात सॉफ्टवेअरला कसलाही संकोच वाटत नाही. स्पायवेअरचे तसे नाही. संगणकावर बसून वापरकर्त्याच्या नकळत त्याची माहिती गोळा करणारे आणि ती दुसऱ्याला पाठवणारे सॉफ्टवेअर, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येते. पण ‘नकळत’ हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. अशा प्रोग्रॅमपैकी बरेच जण दारावर टकटक करून, मालकाच्या हातून कडी काढून घेऊनच आत आलेले असतात. २००० साली अमेरिकेतील प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांना आपल्या संगणकावर जाहिराती दाखवणारे असेच एक सॉफ्टवेअर सापडले आणि ते काढण्यासाठी त्यांनी ‘ऑप्टआउट’ नावाचे छोटे साधन लिहिले. अँटी-स्पायवेअरची सुरुवात साधारणपणे तिथून मानली जाते. त्याच सुमारास ‘ॲड-अवेअर’ आणि ‘स्पायबॉट’ ही साधने घरोघरी पोहोचली, कारण तेव्हाच्या अँटीव्हायरस कंपन्या या प्रकाराकडे आपले काम म्हणून फारसे पाहत नव्हत्या.

परवानगी कशी मिळवली जाते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. माझ्या एका नातेवाइकांचा लॅपटॉप मी काही काळापूर्वी तपासत होतो. त्यांना एका पीडीएफ फाइलचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करायचे होते आणि त्यासाठी त्यांनी एक मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. तोच प्रोग्रॅम मी पुन्हा बसवून पाहिला. दुसऱ्या पानावर दोन गोल होते. ‘शिफारस केलेली पद्धत’ असे लिहिलेला पहिला गोल आधीच भरलेला होता, आणि ‘स्वतः निवडा’ हा दुसरा गोल करड्या, पुसट अक्षरांत होता. दुसरा गोल निवडल्यावरच खालच्या तीन चौकोनांत आधीपासून केलेल्या खुणा दिसल्या: ब्राउझरचे मुखपृष्ठ बदला, शोधयंत्र बदला, खरेदीत मदत करणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम, जोडा. त्या एक्स्टेन्शनने मागितलेली परवानगी सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची होती. पीडीएफचे काम त्या प्रोग्रॅमने उत्तम केले, हेही सांगितले पाहिजे. आता हा प्रोग्रॅम घातक म्हणायचा की नाही? माहिती तो गोळा करत होता, तसे त्याच्या अटींच्या लांबलचक मजकुरात लिहिलेलेही होते आणि ‘पुढे’ या बटणावर बोट नातेवाइकांचेच पडले होते.

म्हणूनच सुरक्षा कंपन्यांनी ‘संभाव्य अनावश्यक’ असा सावध वर्ग तयार केला. या शब्दांमागे कायद्याच्या कटकटीही आहेत. झँगो नावाच्या जाहिरात-सॉफ्टवेअर कंपनीने आपले उत्पादन अडवल्याबद्दल कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीवर अमेरिकेत खटला भरला होता. वापरकर्त्याला आक्षेपार्ह वाटेल असा मजकूर रोखण्याची साधने पुरवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, असे म्हणून २००९ साली अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. तरीही एकाच प्रोग्रॅमला एक कंपनी ॲडवेअर, म्हणजे जाहिराती लादणारे सॉफ्टवेअर, म्हणते, दुसरी काहीच म्हणत नाही, असे आजही घडते, कारण सीमारेषा प्रत्येक कंपनी आपल्या निकषांनुसार आखते. तेव्हा चौकटीतला प्रश्न हा सॉफ्टवेअरचा आळस नव्हे. आपण याला खरोखर बोलावले होते का, हे त्याला माहीत नसते आणि ते आपल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

यातून पहिली वाजवी अपेक्षा निघते: सॉफ्टवेअरने विचारावे, पण नीट विचारावे. काय सापडले, कोणत्या फोल्डरमध्ये सापडले, ते कोणत्या वर्गात मोडते आणि कोणत्या वागणुकीमुळे संशय आला, हे त्याने समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. नुसते ‘धोका: गंभीर’ असे लाल अक्षरांत लिहून मोकळे होणारे साधन निम्मेच काम करते. आणि संशय आला तर ‘परवानगी द्या’ऐवजी क्वारंटाइन निवडणे केव्हाही बरे. क्वारंटाइनमध्ये फाइल पुसली जात नाही. ती अशा स्वरूपात बाजूला ठेवली जाते, की ती चालू होऊ शकत नाही, पण चूक झाली असेल तर परत आणता येते.

ओळख पटवण्याचे काम कसे चालते, तेही थोडक्यात पाहू. सर्वांत जुनी पद्धत खुणांची आहे: आधी सापडलेल्या घातक फाइलींमधील वैशिष्ट्यपूर्ण भाग यादीत नोंदवून ठेवायचे आणि नवी फाइल त्यांच्याशी ताडून पाहायची. ही पद्धत वेगवान आणि बरीच अचूक असते, पण यादीत नसलेले तिला दिसत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक आणि अनावश्यक प्रोग्रॅम नोंदवत असल्याचे सांगते. यातले बरेचसे जुन्याच प्रोग्रॅमचे वेष बदललेले अवतार असतात, तरी केवळ यादीवर विसंबून चालणार नाही हे या आकड्यावरून उघड आहे. म्हणून दुसरी पद्धत वागणुकीवर लक्ष ठेवते. नुकताच उतरलेला, निर्मात्याची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम ब्राउझरच्या पासवर्डच्या फाइलला हात लावतो आहे किंवा प्रत्येक कळ दाबली गेल्याची नोंद मागतो आहे, हे दिसले की ती त्याला थांबवते. तिसरी पद्धत फाइलची ओळख कंपनीच्या सर्व्हरला विचारून घेते आणि ही फाइल जगात आणखी किती ठिकाणी, केव्हापासून दिसली आहे, यावरून अंदाज बांधते. यासाठी इंटरनेट लागते, त्यामुळे जोडणी तोडून केलेला स्कॅन काहीसा आंधळा असतो.

या तिन्हींची बेरीज केली तरी शंभर टक्के होत नाही. फ्रेड कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकातच दाखवून दिले, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निरुपद्रवी प्रोग्रॅमवर कधीच चुकीचा आरोप करणार नाही, अशी पद्धत तत्त्वतःही तयार करता येत नाही. शंभर टक्के संरक्षणाचे आश्वासन देणाऱ्या वेष्टनाकडे त्यामुळे संशयानेच पाहावे. चुकीचा आरोप किती महागात पडतो, याचे उदाहरण २१ एप्रिल २०१० रोजी जगाने पाहिले. मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल घातक ठरवून बाजूला केली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. ज्या साधनाला संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकार दिला आहे, त्याची चूकही गाभ्यापर्यंत पोहोचते.

सापडलेली गोष्ट काढणे हे शोधण्याइतकेच अवघड काम आहे, आणि साधनांची खरी पारख इथे होते. त्या लॅपटॉपवरून मी तो प्रोग्रॅम काढला, मुखपृष्ठ पूर्ववत केले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बदललेले होते. प्रोग्रॅम गेला होता, पण जाताना त्याने टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक नोंद मागे ठेवली होती. दर सकाळी ती एक छोटी फाइल चालवत होती आणि ती फाइल सगळे पुन्हा जागेवर आणत होती. असे प्रोग्रॅम रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात), सुरुवातीला चालू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये, शॉर्टकटच्या पत्त्यात किंवा कोणते संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर आहे हे ठरवू शकणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये आपली मुळे सोडतात. चांगल्या अँटी-स्पायवेअरने फाइलबरोबर ही मुळेही उपटली पाहिजेत, ही दुसरी वाजवी अपेक्षा. स्कॅन, सफाई, संगणक बंद करून पुन्हा चालू, आणि मग पुन्हा स्कॅन, असे दोनदा करून पाहिल्याशिवाय संगणक साफ झाला असे मानू नये.

काही प्रोग्रॅम याहून खोल जातात. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या, की नक्कल रोखण्याच्या नावाखाली एक सॉफ्टवेअर गुपचूप बसत असे आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल विंडोजपासून लपवत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ते उघडकीला आणले. अशा प्रकाराला रूटकिट म्हणतात. चालू असलेल्या संगणकाला ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असे विचारून त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, तर रूटकिट उत्तरच बदलून टाकते. म्हणूनच काही साधनांत ऑफलाइन स्कॅनची सोय असते: संगणक नेहमीच्या पद्धतीने सुरू न होता आधी तपासणीचे छोटे वातावरण सुरू होते आणि झोपलेल्या डिस्कची झडती घेतली जाते. विंडोजच्या अंगभूत संरक्षणात ही सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

आता त्या भागाकडे वळू, जिथे अपेक्षाभंग सर्वांत मोठा होतो. जुने स्पायवेअर महिनोन्महिने मुक्काम ठोकून बसत असे, त्यामुळे आठवड्यातून एकदा केलेला स्कॅनही उपयोगी पडे. आज घरच्या संगणकांवर आढळणारे इन्फोस्टीलर प्रकारचे, म्हणजे पासवर्डसारखी माहिती चोरणारे प्रोग्रॅम काही मिनिटांत आपले काम उरकतात आणि पुष्कळदा स्वतःला पुसून निघूनही जातात. ब्राउझर आपले साठवलेले पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवतो हे खरे, पण ते उलगडण्याची किल्ली साधारणतः वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते; त्याच खात्यात चालणाऱ्या चोराला ती मिळवणे तुलनेने सोपे जाते. त्याहून मोलाची चोरी कुकीची असते. एखाद्या खात्यात आपण पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड देऊन शिरलो, की संकेतस्थळ ब्राउझरला एक खूण देते, म्हणजे दर पानाला ओळख पटवावी लागत नाही. ती खूण चोराच्या हाती लागली, तर अनेकदा त्याला पासवर्डही लागत नाही आणि कोडही लागत नाही. ‘लुमा’ या एकाच इन्फोस्टीलरची लागण १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना झाल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते.

अशा प्रोग्रॅमना आत घेण्याची एक पद्धत इतकी निर्ढावलेली आहे, की तिचे वर्णन केलेच पाहिजे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगणारे पान उघडते. त्यावर चित्रे ओळखायची नसतात. तीन पायऱ्या दिलेल्या असतात. विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबा, मग कंट्रोल आणि ‘व्ही’ दाबा, मग एंटर दाबा. पानावर क्लिक करताच एक आज्ञा आपल्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, गुपचूप ठेवलेली असते. पहिली पायरी आज्ञा चालवण्याची चौकट उघडते, दुसरी ती आज्ञा तिथे चिकटवते आणि तिसरी ती चालवते. सगळे आपल्याच हाताने घडते. वागणुकीवर लक्ष ठेवणारे संरक्षण इथे मध्ये पडू शकते आणि कित्येकदा पडतेही, पण मालकाने स्वतः दिलेल्या आज्ञेला अडवताना त्याची ओढाताण होते. सतत चालू असलेले, घटना घडत असतानाच पाहणारे संरक्षण हवे, ही तिसरी अपेक्षा यातून येते. ‘वेळ मिळेल तेव्हा स्कॅन करू’ या सवयीचा अशा चोरांपुढे फारसा उपयोग होत नाही.

स्कॅनचा आकडा हा मात्र कशाचाच पुरावा नव्हे. ‘तुमच्या संगणकावर ३१२ धोके आढळले’ असे वाचून छातीत धस्स होते, पण त्यातल्या बहुतेक नोंदी जाहिरातींच्या साध्या कुकी असू शकतात. त्या आपल्या खाजगीपणाच्या दृष्टीने त्रासदायक असल्या, तरी त्या चालू होणारे प्रोग्रॅम नव्हेत आणि ब्राउझरच्या सेटिंगमधून एका मिनिटात पुसता येतात. हीच भीती विकणारा एक मोठा धंदा होऊन गेला. बनावट स्कॅन दाखवून ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटीव्हायरस’ अशी नावे असलेली साधने खपवणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २००८ साली खटला भरला. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे कमिशनचे म्हणणे होते. ब्राउझरच्या पानावर आपोआप सुरू होणारा ‘स्कॅन’ हा स्कॅन नसतोच, कारण एखादे संकेतस्थळ आपली अख्खी डिस्क अशी चाळू शकत नाही. ते नुसते हलते चित्र असते. पैसे भरल्याशिवाय काय सापडले तेही न सांगणारे साधन याच वळणाचे समजावे.

आणि पहारा देणारा स्वतः काय पाहतो? हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो विचारायलाच हवा, कारण अँटी-स्पायवेअर प्रत्येक फाइल आणि बऱ्याचदा भेट दिलेला प्रत्येक पत्ताही तपासते. मागोव्यापासून वाचवण्याचे आश्वासन देणाऱ्या अव्हास्ट कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचे प्रकरण गाजले. जंपशॉट २०२० साली बंद झाली आणि २०२४ साली फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावून जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. साधन बसवल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये ‘माहिती सामायिक करा’ या नावाखाली काय चालू आहे, ते एकदा डोळ्यांखालून घालावे. संशयास्पद फाइलचा नमुना पाठवणे समजण्यासारखे आहे; जाहिरातदारांना माहिती देणे समजण्यासारखे नाही.

यावर स्वाभाविक प्रश्न असा, की मग वेगळे काही विकत घ्यावे का? माझे मत असे, की बहुतेक घरांना आधी आहे तेच नीट चालू ठेवण्याची गरज आहे. विंडोज डिफेंडर २००६ साली आले तेव्हा ते केवळ अँटी-स्पायवेअर होते. २०१२च्या विंडोज ८पासून ते पूर्ण अँटीव्हायरस झाले. मॅकमध्येही २००९पासून एक्सप्रोटेक्ट हे अंगभूत संरक्षण आहे. विंडोजमध्ये संभाव्य अनावश्यक ॲप अडवण्याचा पर्याय वेगळा असतो आणि काही संगणकांवर तो बंद राहिलेला आढळतो, तेवढा पाहून घ्यावा. सतत पहारा देणारी दोन साधने एकाच वेळी चालवू नयेत. ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. दुसरे मत हवे असेल, तर मागणी केल्यावरच स्कॅन करणारे साधन वापरून काम झाल्यावर बंद करावे. विकत घ्यायचेच असेल, तर एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज यांचे ताजे निकाल पाहावेत, आणि त्यात पकडण्याच्या टक्केवारीइतकेच लक्ष चुकीच्या आरोपांच्या संख्येकडे द्यावे. आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले आहे, तिच्यावर कितीही चांगले साधन बसवले तरी भिंतीतले भोक बुजत नाही.

परवानगीचा प्रश्न एका जागी फारच कडवट होतो. कधी कधी पाळत ठेवणारा प्रोग्रॅम त्याच घरातल्या कोणीतरी, संगणकाचा पासवर्ड माहीत असलेल्या जवळच्या माणसाने बसवलेला असतो. ‘पालकांसाठी देखरेख’ अशा नावाने तो विकला जातो, ॲडमिनचे अधिकार वापरून बसवला जातो आणि अँटी-स्पायवेअरच्या अपवादांच्या यादीत टाकलाही जातो, म्हणजे साधन त्याच्याकडे पाहतच नाही. ती यादी उघडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. मात्र ज्याला पाळत ठेवणाऱ्यापासून शारीरिक इजेची भीती आहे, त्याने तो प्रोग्रॅम घाईने काढू नये, कारण माहिती येणे थांबले की ते समोरच्याला कळते. आधी वेगळ्या, सुरक्षित उपकरणावरून मदत मागावी.

शेवटी राहते ते काम, जे कोणतेही अँटी-स्पायवेअर करू शकत नाही. ते चोराला घराबाहेर काढते. नेलेली वस्तू परत आणत नाही. स्कॅनमध्ये इन्फोस्टीलर किंवा कीलॉगर (दाबलेल्या कळांची नोंद करणारा प्रोग्रॅम) सापडला, तर ‘काढून टाकले’ ही हिरवी खूण पाहून समाधान मानू नये. त्या संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी आणि दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावर बसावे. आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड नव्याने मिळवण्याची वाट तिथूनच जाते. त्यानंतर त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतील. नुसता पासवर्ड बदलल्याने त्या प्रत्येक ठिकाणी निकामी होतातच असे नाही. ईमेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, पासवर्ड परत मिळवण्यासाठी अनोळखी क्रमांक जोडला आहे का, हे तपासावे. मग बँक, मग ब्राउझरने ज्यांचे पासवर्ड साठवले होते ती उरलेली खाती. हे सगळे झाल्यावर, आणि दुसरा ऑफलाइन स्कॅन कोरा आल्यावरच, त्या संगणकावर नवा पासवर्ड पहिल्यांदा टाइप करावा. शंका उरली असेल, तर स्वतःच्या फाइलींची प्रत काढून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवावी.